सोय

बँकॉकच्या पश्चिम कडेला गल्लीला सोय म्हणतात.
सोय सत्तावीस. सोय चौदा.
मराठी कान असेल तर फसाल.

सत्तावीस एका हमरस्त्यावरून आत शिरते, चौदा दुसऱ्या.
दोघी धापा टाकत जिथे पोचतात
तिथे एकच भिंत, दोन बाजूंनी दोन रंगांची.

पूर्वी इथे दुरियनची बाग. चरामागून चर.
चरावर नारळाचं खोड टाकलं की झालं पलीकडे.
बाप गेला, वाटणी झाली,
बांधावरून भांडण मात्र झालं नाही.
दोघी बहिणींनी दोन बिल्डरांना निम्मी निम्मी विकली
आणि एकेक घर मागून घेतलं, अगदी शेवटचं,
म्हणजे शेजारी राहू.

शेजारीच आहेत.
सम्रुआय मिरच्या परतते, बुप्फा पलीकडे शिंकते.
क्रेट उलटा घालून वर चढलं
तर डबा भिंतीवरून जायचा, बोटाला बोट लागायचं.
भेटायचं म्हणजे सहा किलोमीटर,
एक उड्डाणपूल, दोन यू-टर्न,
आणि दोन्हीकडच्या फाटकांवर
ओळखपत्र ठेवून घेणारी पोरं.

पैतून नेतो, नारिंगी जाकीट, सत्तर बाथ.
नकाशावर कुणी बोटभर अंतर दाखवलं
तर म्हणतो, मावशी, बोटाला चाकं नसतात.
एकदा पिऊन म्हणाला,
ही भिंत पडली तर माझी चूल विझेल.

गटारातून घोरपड मात्र रोज जाते-येते.

मग त्या वर्षी पूर.
पाण्याला सत्तावीस-चौदा ठाऊक नव्हतं,
ते जुन्या चरांच्या वाटेनं आलं,
जणू बाग अजून तिथंच.
भिंत बुडाली, वर चार बोटं पाणी,
आणि पैतूननं कुणाच्या तरी होडीतून
सम्रुआयला पलीकडे सोडलं.
तीन मिनिटं.
भाडं घेतलं नाही. लावायचं कसं, त्यालाच कळेना.
महिनाभर दोघी एका माळ्यावर जेवल्या,
भांडल्यासुद्धा, लहानपणच्या कुठल्याशा रिबिनीवरून.

पाणी ओसरलं. सोसायटीची सभा भरली.
सुरक्षेचा विषय एकमतानं मंजूर.
भिंत पाच विटांनी उंच झाली, वर तार.

बुप्फाचा डबा अजून इकडेच आहे.
रिकामा परत द्यायचा नसतो.
भरला, तर सत्तर बाथ.