तारे दिसले की

पाटी लहानशीच: र. झिराडकर, काटे दुरुस्ती.
गुळाच्या सौद्याचे दिवस आले
की आमच्या पायरीलाही मुंग्या लागायच्या.

शनिवारी सकाळी चौगुल्यांचा माणूस आला,
“हाईत का वो घरात?
काटा खातोय, रव्यामागं अर्धा किलो.”
पप्पा आतून कुजबुजले, सांग, नाहीत.
मी सांगितलं, नाहीत.
आठ वर्षांची होते.
जिभेवर खडा ठेवावा तसं विरघळलं ते.

तो सायकल वळवत होता, तेवढ्यात
पप्पा अनवाणीच बाहेर:
“आहे मी घरात. आज शब्बाथ आहे,
तारे दिसले की येतो.
आणि पोर बोलली ते माझं खोटं. तिचं नव्हे.”

माणूस हसला, टांग मारून गेला.
तारे दिसेपर्यंत त्यांनी
लक्ष्मीपुरीतला कारागीर गाठला होता.

आई काही बोलली नाही.
मनुकांच्या शरबताचा रात्रीचा पेला
तिनं नुसता पालथा घातला.

आत येताना पप्पांनी
चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावली.
ती ओठांपर्यंत न्यायला मात्र
त्या दिवशी त्यांना
बराच वेळ लागला.