शेपटातली वायर

हिंगण्याच्या शेडमध्ये कूलरचं पाणी संपलेलं.
मी विमानाच्या शेपटात, खांद्यापर्यंत.
पिल्लेवार सर बाहेरून टॉर्च धरून :
"एवढी वाकवू नको बे, आतलं तांबं रुसते."

इतवारीत टीव्हीची केबल ओढायचो मी,
गच्चीवरून गच्चीवर, कुणाच्याही कबुतरांमधून.
कमी पडली की पिळून जोडायची, वर काळी टेप.

इथे जोड चालत नाही.
एकच सलग तुकडा,
पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी कडं,
दिव्याच्या वायरीपासून वीतभर लांब.
नाहीतर वर गेल्यावर कानात टिकटिक, सर म्हणतात.
वर गेल्यावर.

टोक सोललं. जाळी मागे दुमडली.
जाळीचा एकच केस मधल्या तारेला टेकला
आणि मीटर ओरडला.
कापलं. पुन्हा सोललं. चष्म्यावरचा घाम पुसला.
आता दोन्ही काड्या लावल्या तरी
मीटर गप्प.
सरही गप्प.
एवढ्या शांततेला दीड दुपार लागली.

संध्याकाळी शेपूट शटरबाहेर ढकललं.
पंख अजून भिंतीला टेकून, प्लास्टिकात.
बॅटरी जोडली. सुई थरथरली,
डावीकडे गेली, परत आली, थांबली.
"सोनेगाव," सर म्हणाले.
मी तिकडे पाहिलं. टाकी होती, निंब होता.

तांब्याचा एक केस बोटात रुतून घरी आला.
रात्री बायकोनं काढला,
सुईनंच.