डावं-उजवं

चारचौघांत मी 'हे' म्हणते.
अंधारात, मनातल्या मनात, 'तो'.
तो म्हणजे उद्धव खांडेभराड,
ज्याच्या उजव्या हाताचा फोटो
जालन्याच्या मोंढ्यात एका हार्डवेअरच्या दुकानात
अजून लटकतोय, कुलपांच्या वर.

सासरे त्या खेळाला म्हणायचे
विटी नसलेला विटीदांडू.
बेसबॉल हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसला नाही.
पण त्याच कोट्यातून पोराला पाटबंधारे खात्यात चिकटवलं
तेव्हा गल्लीभर पेढे वाटले,
शब्दावाचून काही अडलं नाही.

बापानं मला उजवली
अन् वाट्याला आला डावा हात.
उजव्या कुशीवर तो झोपायचा नाही.
उजव्यानं घागर नाही, बाजाराची पिशवी नाही,
पोरगी झाली तेव्हा पहिल्यांदा घेतली तीही डाव्यावर.
उजवा खांदा मी तिळाच्या तेलानं चोळायची
अन् तो डोळे मिटून
माझ्या पाठीवर दोन बोटं रोवायचा:
इथं शिवण. इथून सुटतो.
शेवटच्या हातभर अंतरात खाली पडतो बघ,
पायरी चुकल्यासारखा.
मला त्यातलं काही कळायचं नाही.
पाठीला कळायचं.

हे पेपरात आलं नाही.
पेपरात आली दारू, ती खरी.
सिल्लोडची बाई आली, ती त्याची मावसबहीण,
पण दोन महिने मीही त्याला विचारलं नव्हतं,
नुसती भाजीत मीठ कमी घालत होते.

मग परभणीची फायनल.
शेवटची इनिंग, अंपायर हंचाटे सर.
तेच, ज्यांच्या सहीनं एकदा
भारताच्या यादीतून ह्याचं नाव गळालं होतं.
चेंडू कॅचरच्या हातमोज्यावरून गेला
अन् सरांच्या गळ्याजवळचं हाड
टीव्हीवरसुद्धा ऐकू आलं म्हणतात.
आमच्याकडं तेव्हा लाईट नव्हती.

चौकशीवाले तिघं घरी आले, रविवारी.
चहा घेतला, बिनसाखरेचा एकानं.
वहिनी, स्वभाव कसा आहे ह्यांचा?
मी पदर सारखा केला.
म्हणलं, घाम लई येतो ह्यांना.
निसटला असंल.
त्यांनी लिहून घेतलं: निसटला.

एक सांगितलं नाही.
रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या
तो पायमोज्यांची गुंडाळी करायचा
अन् समोरच्या भिंतीवरच्या बटणावर फेकायचा.
खट्. अंधार.
तेरा वर्षांत बटण एकदाही चुकलं नाही.
तापात नाही. भांडणात नाही.
पिऊन आला त्या रात्रीही नाही.

नोकरी राहिली. खेळ गेला.
लोक म्हणाले, बायको खंबीर निघाली.

परवा मंठ्याच्या बसमध्ये हंचाटे सर दिसले.
वरच्या फळीवर पिशवी ठेवायला हात उचलला,
खांद्यापाशीच अडला.
दुसऱ्यांदा उचलला.
मी उठले, ठेवून दिली.
थँक्यू ताई, म्हणाले. ओळखलं नाही.
तिकीट मंठ्याचं होतं,
मी रामनगरलाच उतरले,
उन्हात तासभर दुसऱ्या गाडीची वाट बघत बसले.

घरी काही बोलले नाही.
तोही बोलत नाही.
चौकशीवाले गेले त्या रात्रीपासून
तो उठतो, चार पावलं चालत जातो,
बटण डाव्या हातानं बंद करतो.
कामून, मी विचारलं नाही.
मोजे मात्र धुऊन, गुंडाळून
उशाशी ठेवते रोज.

काल पोरीनं त्यातली एक गुंडाळी उचलली,
एक डोळा बारीक केला,
मनगट मागं नेलं, हुबेहूब.
तो बघत होता.
मी म्हणलं, राहू दे गं बाई,
जळू दे दिवा थोडा.