तव्यांचा भाव

आर्णी रोडनं फिरायचं ते सकाळी नवाच्या आत.
नंतरचं ऊन माल खातं.
लाखेचा तवा फुटतो, प्लास्टिकचा वाकतो,
या धंद्यात मरणाच्या तऱ्हा दोनच.
मोटारसायकलला मागं लाकडी पेटी,
आत जुन्या दुलईचे तुकडे.

"जुने तवे घेतो" म्हटलं की
एखादी बाई हमखास बिडाचा तवा आणते, कान तुटका:
"किलोनं घेतं का नगानं?"
मग मी हवेत बोट गोल फिरवतो
आणि कोणीतरी म्हातारा ओट्यावरून ओरडतो,
"अवं, गाण्याचे तवे म्हणते थो. भोंग्याचे!"

दिग्रसकडं एक रांजणावर झाकण होता,
वर गडवा. ओल्या बुडाच्या वर्तुळात
गाणारीचं नाव धुऊन गेलेलं.
"माशी नाई जात," बाई म्हणाली, "लय कामाचा हाय."
तिला स्टीलची ताटली दिली, वर चाळीस रुपये.
मानोऱ्याला एका पोरानं गरम पाण्यात वाकवून
फुलदाणी केलेली. हस्तकला, दहापैकी नऊ.
ती घेतली नाही, पण खूप वेळ हातात धरली.

अरुणावतीच्या अलीकडं
कवडू मेश्रामचं घर.
माणूस गेला त्याला वीस वर्षं झाली,
भिंतीवर 'प्रकाश साउंड सर्व्हिस' अजून निळ्या ऑइलपेंटात,
'स'चा पाय गळालेला.
पार्बताबाईंनी पेटी ओढली. एकसष्ट तवे,
कव्हराकव्हरांत सरकीचे दाणे, उंदरानं साठवलेले.

मी एकेक उन्हाला तिरपा धरून पाहिला.
वहीत लिहिलं: बरा, बरा, चांगला, कड उडालेली.
शेवटचा लग्नातला. त्याच्यावर आरपार चीर,
मांजरानं नख ओढावं तशी.
"याचं काही येणार नाही, मावशी."
"वाजवून तं पाय."

बॅटरीवरचं मशीन ओट्यावर मांडलं.
आधी खरखर, वाळल्या तुऱ्हाट्यावरून कोणी चालावं तशी,
मग बाईचा आवाज, मग सनई,
मग सुई अडली:
दारी… दारी… दारी…
माझं बोट उचलायच्या आत
अंगणात सुपानं तूर पाखडणारी सून
मान वर न करता म्हणत होती
दारी, दारी, दारी,
आणि पुढची ओळ, सुराला जराही धक्का न देता.

ती या घरात आली दोन हजार नऊला.
मशीन त्याआधीच भंगारात गेलं होतं.
तवा तिनं आज पहिल्यांदा ऐकला.
"गाणं असंच हाय नं?" तिनं विचारलं.
"आमच्या अथी साऱ्या बाया असंच म्हणतेत."
पार्बताबाई हसल्या. "हे तीनदा झालं का
थो सुईले टिचकी मारे.
चवथ्यांदा कधी होऊ नाई देल्लं."

मला वाटलं, हा काही त्या विकणार नाहीत.
मी बाजूला ठेवला तर त्यांनी परत गठ्ठ्यावर ठेवला.
"पैसे धर याचेबी. आम्हाले काय कराचा?
आम्हाले पाठ हाय."

साठ गेले. पुण्याला, इंदूरला, बेंगळुरूला,
कुरिअरवाला आता मला नावानं ओळखतो.
एकसष्टावा एकदा कोल्हापूरला जाऊन परत आला:
माल सदोष, पैसे परत करा.
केले. आता खिडकीपासून लांब, कपाटात उभा असतो.
पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नसलं की लावतो,
तीनदा होऊ देतो, टिचकी मारतो.

परवा अमरावतीच्या एका मास्तरांच्या घरातून
त्याच गाण्याची दुसरी प्रत मिळाली.
कव्हर कोरं, चीर नाही, डाग नाही.
दुकानात लावली. सनई आली,
'दारी' आलं, आणि गाणं सरळ पुढं गेलं.
माझा हात वर राहिला, टिचकीच्या बेतात,
समोर गिऱ्हाईक बघत होतं.

नऊशेला गेली संध्याकाळीच.
वहीत लिहिलं:
उत्तम. एकदाच म्हणते.