पाऊल न वाजवता

झेननमामा नवा फोन घेऊन आला
तेव्हा बाबा चष्मा शोधत होते
आणि चष्मा कपाळावर होता.

टेबलावर खारवलेले मासे, बीट, उरलेला केक,
बाबांच्या नामदिनाची अर्धी बाटली.
मामाने फोन मधोमध ठेवला,
हुकमाचा एक्का टाकावा तसा.
"काय करतो हा?"
"सगळं."
"सगळं म्हणजे काहीच नाही," बाबा म्हणाले.
"खुर्ची बसायला असते. किल्ली उघडायला.
सगळं करणारा माणूस मी एकच पाहिलाय,
आमच्या गिरणीतला युनियनचा सेक्रेटरी.
त्याला साधा फ्यूज बदलता यायचा नाही."

हे भांडण फोनचं नव्हतंच.
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यापासूनचं ते.
बाबांनी तेव्हा डॉलरच्या दुकानातून अटारी आणला,
शिकागोच्या आत्याने पत्रात दडवून धाडलेल्या नोटांवर.
महिन्याभरात मामाकडे कमोडोर.
दोन्हीकडे मेमरी चौसष्ट किलोबाइट,
आणि छाती फुगायला तेवढी पुरे.
लग्नात भांडले, बाप्तिस्म्यात भांडले,
आजोबांची पेटी दोरांवरून खाली जात असताना
मामा कुजबुजला, "आवाज आमचाच सरस."
बाबा खाली बघत म्हणाले, "रंग मोज."

मी एकदा विचारलं होतं,
त्या कंपनीला तुमचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं,
मग ही निष्ठा कुणाशी?
बाबा बराच वेळ एक स्क्रू शोधत राहिले.
मग म्हणाले, "वाट बघितलीय ना तिची."

वाट म्हणजे कॅसेट.
खेळ चढायला वीस मिनिटं,
आणि एकोणिसाव्या मिनिटाला कुणी पाय आपटला
की पुन्हा पहिल्यापासून.
खालून ट्राम गेली तर बाबा खिडकीतून शिव्या घालत.
आई सूप ढवळायची थांबायची.
शिंक गिळायला मी त्याच खोलीत शिकले.
वरच्या मजल्यावरच्या बाई
चपला हातात घेऊन जिना चढत,
वूच शहरातल्या त्या एका घरात
देवळापेक्षा जास्त शांतता असे.

मामा बोटाने काच सारत होता.
"हे बघ, लिस्बनमध्ये आत्ता पाऊस."
"लिस्बनला कोण चाललंय?"
"हा नकाशा."
"मला घर माहीत आहे."
"हा कॅमेरा."
"तू कसा दिसतोस तेही माहीत आहे."
आई हसली. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.
त्याने हाताला लागलं ते उचललं,
बाबांच्या गोळ्यांचं खोकं,
आणि फोन त्यावर धरला.
मुंगीएवढी अक्षरं फुगून
जाहिरातीच्या फलकाएवढी झाली:
दिवसातून एकदा.

बाबा मे महिन्यापासून दोनदा घेत होते.

कुणीच काही बोललं नाही.
काटा बशीवर ठेवल्याचा आवाज झाला.
"अक्षरं मोठी करणं," बाबा अखेर म्हणाले,
"आमच्या अटारीलाही यायचं."
"यायचं," मामा म्हणाला.
एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदा मान्य केलं,
आणि ते कुणालाच आवडलं नाही,
बाबांना तर मुळीच नाही.

ते उठले. कपाटातून टेपरेकॉर्डर काढला,
बटणावरची धूळ बाहीने पुसली,
एक कॅसेट बसवली.
"हा तुझा सगळंकरू. ऐकून ठेवतो का?"
मामाने फोन जवळ सरकवला.
काचेवर लाल ठिपका पेटला.

मग ती किरकिर सुरू झाली,
लांब शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी,
कशातच न चढणारा एक खेळ.
समोर ना पडदा, ना अटारी.
तरी आईचा चमचा हवेत थांबला.
मी श्वास धरला.
आणि केक घ्यायला निघालेला मामा,
जन्माचा कमोडोरवाला,
एक पाय उचललेला तसाच,
भिंतीला हात टेकून
उभा राहिला.