एक्कावन्न लाख चौऱ्याऐंशी हजार सेकंद

शौकत मुकादमांनी ‘परवानगी द्या’वर बोट टेकवलं
तेव्हा नखाला सुरमईचा खवला चिकटलेला होता.
तो माझ्या फोनच्या काचेवर अजून आहे
असं लिहिलं तर खोटं होईल, मी काच पुसते.
त्या दिवशी मात्र होता.

मत्राहच्या मासळीबाजारासमोर, करकचा दुसरा कप,
आणि मी सांगत होते:
चाचा, ही आत्ता मिळाली ती तासाभराची चिठ्ठी.
तास उलटला की दार ओळख देत नाही.
हीच मी आपल्या सर्व्हरवरून परत पाठवते,
सोबत एक गुपित शब्द, तुम्हालाही न सांगण्याचा,
आणि बदल्यात साठ दिवसांची येते.

चाचा हसले. “म्हणजे व्हिजिटवर आलो
आन् बताका करून घेतला.”
“तसंच,” मी म्हटलं. आणि लगेच, “तसं नाही.”
कारण तिथे कफील नसतो,
रक्त घेत नाहीत, छातीचा फोटो काढत नाहीत,
टायपिंग सेंटरातला पोरगा
मुकादमचं मोकादाम करत नाही.
एक विनंती जाते, एक लांब ओळ परत येते,
अर्थाशी संबंध नसलेली अक्षरं,
आणि शेवटी आयुष्य, सेकंदांत:
५१८४०००.

मग रोज पहाटे सहाला, मी रुवीच्या खोलीत झोपेत असताना,
दुकानाच्या पानावर चाचांच्या परवानगीने उमटायचं:
आज ताजी सुरमई. आज कोळंबी नाही.
भाव रियाल-बैशांत, खाली बर्फावरचा फोटो.

सतराव्या दिवशी चाचांचा बताका संपला.
पुन्हा केला नाही, वय झालं म्हणाले.
साठ. आकडा तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.
तीस किलो सामान, एक थर्माकोलचा खोका
दोरीने चार वेळा आवळलेला,
आणि एकोणतीस वर्षांचा माणूस हर्णैला परत.

चिठ्ठीला अजून त्रेचाळीस दिवस होते.
पहाटे सहाला चाचांची परवानगी
ओल्या फरशीवर अनवाणी येऊन उभी राहायची,
भाव सांगायची, जायची.
गिऱ्हाइकांना फरक पडला नाही.
अरबाब म्हणाले, वाढवून घे, त्यात काय.
आणि खरंच त्यात काही नाही:
चिठ्ठी जिवंत असताना परत पाठवली
की नवे साठ दिवस. कुणाला विचारावं लागत नाही.
मेल्यावर मात्र तेच बोट लागतं,
तोच माणूस, तीच कळ.

मी फोन लावला. पलीकडे लिलावाचा गलका.
सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं,
“रफिकुल वजन नीट करतो का?”
करतो.
“कोळंबी नसली तर नाही लिहितो ना?
आहे लिहून माणसं बोलवत नाही ना?”
नाही, चाचा.
“बरं.” थोडा वेळ नुसता समुद्र, किंवा नेटवर्क.
“तुझा बताका कधीपर्यंत?”
मार्चपर्यंत, म्हणाले. वाढवण्याबद्दल विचारायचं राहिलं,
किंवा मी राहू दिलं.

गुरुवारी सहाला पानावर काही उमटलं नाही.
नोंदवहीत एकच लाल ओळ:
वापरकर्त्याने पासवर्ड बदलला, चिठ्ठी रद्द.
बावीस दिवस शिल्लक असताना.
नातवाने फोन खेळायला घेतला असेल.
नवीन सिम घातलं असेल, काही विसरले असतील.
मी पुन्हा फोन केला नाही.

दुपारी बाजारात गेले तर
रफिकुलने खोक्याचं झाकण उभं केलं होतं,
काळ्या मार्करने वर लिहिलेलं, आज सुरमाइ,
एक वेलांटी ऱ्हस्व,
पाण्याने खालून विरघळत चाललेली.
तीन माणसं थांबून वाचत होती.
मी चौथी.