दोन ओळींची जागा

प्रशिक्षणात एक फॉर्म दिला भरायला.
प्रश्न सातवा: आपण प्राथमिक शिक्षक का झालात?
खाली ठिपक्यांच्या दोन ओळी.
शेजारच्या शहारे सरांनी लिहिलं, समाजसेवा.
मी लिहिलं, आवड,
आणि पेनाला टोपण लावलं.

आवड कसची. बारावीत चोपन्न टक्के,
डीएडला नंबर लागला, साकोलीत आत्याचं घर होतं,
आणि बाबा म्हणाले,
"बायांचं काम हाये, पण सरकारी हाये."
सोयरीक पाहायला गेलो तर पोरीच्या मामानं विचारलं,
"कोणत्या वर्गाले शिकवता गा?"
पहिलीले, म्हटलं.
तो हसला नाही. फक्त
सुपारीचा डबा बंद केला.

शाळा बोडीच्या पाळीवर, दोन खोल्यांची.
रोवणा लागला की आया गुडघाभर चिखलात
आणि पोरं माझ्याकडे,
कडेवर आपल्याहून धाकटं घेऊन.
नाकं पुसली. नाडीची ओली गाठ
दातानं सोडवली.
पंधरा ऑगस्टला डिलेश्वरी आली मोकळ्या केसांनी,
मुठीत लाल रिबिनी, माय बांधीत.
बाबा अंबाडीचे दोर वळायचे, तीन पेडांचे.
मला तेवढंच येत होतं.
दोन्ही वेण्या वाकड्या झाल्या.
झेंड्यापुढे ती ताठ उभी राहिली.

खेमराजचा ळ दोन महिने आडवा पडायचा,
कुणी चष्मा काढून ठेवावा तसा.
मी हात धरून गिरवून घ्यायचो,
त्याच्या बोटांना मासोळीचा वास.
एका दुपारी ताटातल्या उरल्या वरणात
त्यानं बोटानं ळ काढला, उभा.
"गुर्जी, आता नाई पडत हा."
घंटा होईस्तोवर ते ताट
मी कुणाला धुवू दिलं नाही.

आणि एकदा, तापानं फणफणलेली एक पोर
मला चुकून माय म्हणाली.
वर्ग हसला.
मी खडू शोधत राहिलो टेबलावर.
खडू हातातच होता.

फॉर्म गोळा करणारे म्हणाले,
"सर, एक ओळ रिकामी आहे तुमची."
म्हटलं, राहू द्या.

सुटल्यावर लाखनीच्या बाजारात
रिबिनी घेतल्या, लाल.
दुकानदारानं विचारलं, "पोरी किती तुम्हाले?"
मनातल्या मनात हजेरी घेतली,
म्हटलं, चौदा.